चोवीस तासांचे होल्टर आणि टाचून दिलेला कागद

गेल्या वर्षी श्रावणात मी पेठेतल्या एका छोट्या निदान केंद्राकडून २४ तासांचे होल्टर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद घेणारे अंगावरचे यंत्र, लावून घेतले. माणूस घरी येऊन यंत्र लावतो, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काढून नेतो आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या सहीचा अहवाल ४८ तासांत मिळतो, असे केंद्राने फोनवर सांगितले होते. या सगळ्याचे २,८०० रुपये झाले. केंद्राचे नाव मी देत नाही. माझी तक्रार तिथल्या एका माणसाच्या घाईबद्दल आहे, कौतुक दुसऱ्या माणसाच्या सवडीचे आहे, आणि ही दोन्ही माणसे उद्या भलत्याच केंद्रात असू शकतात. यंत्र मात्र सगळीकडे जवळपास तेच असते. आपल्या हृदयात काहीतरी बिघडले आहे आणि ते अजून कोणाला सापडलेले नाही, अशी धास्ती घेऊन जो जगतो त्याच्या अंगावर हे यंत्र एक दिवस राहिले की काय होते, एवढेच मला सांगायचे आहे. होल्टर लावण्याआधी मी हेच शोधत होते आणि दरपत्रकांखेरीज फारसे काही हाती लागले नव्हते.

मी मुद्रितशोधक आहे, वय ४६. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधण्यात माझा दिवस जातो, आणि या व्यवसायाची एक खोड अशी की, पानात चूक सापडली नाही तर पान शुद्ध आहे असे वाटत नाही; आपलेच लक्ष उडाले असावे असे वाटते आणि पान पुन्हा वाचले जाते. छातीतल्या धडधडीच्या बाबतीत माझे नेमके हेच झाले.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझा आतेभाऊ सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेला आणि परत आला नाही. तो ५१ वर्षांचा होता आणि महिन्यापूर्वीच्या तपासणीत त्याचे सगळे नॉर्मल आले होते. त्याच्या तेराव्याला पंगतीत बसलेली असताना मला पहिल्यांदा तो धक्का जाणवला: एक ठोका गाळल्यासारखा, मग क्षणभर पोकळी, आणि मग आतून कोणी दार आपटावे तसा एक मोठा ठोका. ‘काळजाचा ठोका चुकला’ हा वाक्प्रचार मी मुद्रितांमध्ये शेकडो वेळा पाहिला असेन. तो इतका शब्दशः खरा असू शकतो हे मला ताटासमोर बसून कळले.

पुढच्या वर्षभरात तीन ईसीजी झाले, एक टूडी इको झाला, आणि एकदा रात्री अकरा वाजता, हातापायांना मुंग्या येऊन छातीचा भाता झाला तेव्हा, नवऱ्याने मला रिक्षात घालून तातडीच्या विभागात नेले. प्रत्येक ठिकाणी ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले. घरच्यांनी त्या रात्री येताना आइस्क्रीम आणले. मला मात्र ते उत्तर अर्धवट वाटत होते, आणि ते सगळेच माझ्या भित्रेपणामुळे नव्हते. साधा ईसीजी सुमारे दहा सेकंदांची नोंद घेतो; दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे ८,६४० पानांच्या ग्रंथातले एक पान वाचून संपूर्ण ग्रंथाला निर्दोष असल्याचा शेरा द्यायचा, आणि तेही ज्या पानावर चूक नाही असे लेखक स्वतः सांगतो आहे ते पान, कारण ईसीजी काढताना मला एकदाही धक्का बसला नव्हता. इको हृदयाची रचना दाखवतो, झडपा नीट उघडझाप करतात की नाही, भिंती जाड झाल्या आहेत का, आकुंचनाला जोर किती आहे. ठोक्यांचा ताल हा त्याचा विषय नाही. तेव्हा शंका रास्त होती. त्या शंकेने माझ्या घरात किती जागा व्यापली, ते रास्त नव्हते.

होल्टरकडे येण्याआधी घड्याळाबद्दल लिहिले पाहिजे, कारण त्यावर मी होल्टरच्या कित्येक पट पैसे घातले. कडेच्या बटणावर बोट ठेवून ३० सेकंद स्थिर बसले की मनगटावरच ईसीजी काढून देणारे हे घड्याळ मी संक्रांतीच्या सुमारास घेतले. रुग्णालयातला ईसीजी हृदयाकडे बारा दिशांनी पाहतो, घड्याळ एकाच दिशेने पाहते, आणि त्याचे मुख्य काम हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ओळखणे हे आहे. हृदयविकाराचा झटका आपल्याला ओळखता येत नाही, हे तर कंपनी स्वतःच पडद्यावर लिहून देते. ज्यांना फिब्रिलेशनचा खरोखर धोका आहे अशा ज्येष्ठांना ते उपयोगी पडत असेल. माझ्या हातात ते घातक ठरले. कोरड्या त्वचेमुळे किंवा हात थरथरल्यामुळे नोंद नीट आली नाही की ते ‘अनिर्णायक’ असा निकाल देते, आणि रात्री दोन वाजता अंधारात उजळलेल्या चौकोनावर ‘अनिर्णायक’ हा शब्द वाचल्यावर हात आणखी थरथरतो, की पुढचा निकालही अनिर्णायकच येतो. एका रविवारी मी ३१ वेळा ईसीजी काढला. आकडा नक्की आहे, कारण घड्याळ तो जपून ठेवते. प्रत्येक चांगल्या निकालाने मिळणारा दिलासा सुरुवातीला दिवसभर टिके, फेब्रुवारीत तासभर टिकू लागला आणि एप्रिलपर्यंत पट्टी पाहून मनगट खाली घेईपर्यंतच टिकत होता. आता ते घड्याळ माझ्या पुतण्याकडे आहे. तो त्यावर हनुमान टेकडीची पावले मोजतो आणि बाकी कशाकडे पाहत नाही.

होल्टर सुचवले ते आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. वीस मिनिटे ते फक्त प्रश्न विचारत होते. कधी शुद्ध हरपली आहे का, धडधड जिना चढताना होते की बसल्या जागी, छातीत दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतो का, आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला लवकरच्या वयात हृदयविकार झाला आहे का. लवकरचे वय म्हणजे पुरुषांत ५५ च्या आत आणि स्त्रियांत ६५ च्या आत धरतात, आणि धोक्याचा हिशेब करताना मुख्यतः पहिल्या नात्यातली माणसे मोजतात, हे मला तेव्हा कळले. वर्षभर मी ज्याच्या मृत्यूवरून स्वतःचे भविष्य काढत होते तो आतेभाऊ या हिशेबात जवळजवळ बसतच नव्हता. मग त्यांनी हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासायला सांगितले, कारण रक्त कमी असणे आणि थायरॉईड जास्त चालणे या दोन्हींनी धडधड होते. पाळीचे विचारले, कारण रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत धडधड जाणवणे नेहमीचे आहे. चहाचे विचारले. मी सहा कप सांगितले. नवऱ्याने घसा खाकरला, तेव्हा आठ सांगितले.

रक्ताचे अहवाल ठीक आले, त्यावर ते म्हणाले, “होल्टर लावू, पण एक ठरवून. माझं हृदय चांगलं आहे का, हे या मशीनला विचारू नका. तुम्हाला धक्का जाणवतो त्या क्षणी हृदय काय करत असतं, एवढंच विचारायचं. आणि त्या दिवशी रजा घेऊन पडून राहू नका. रोज करता ते सगळं करा, चहासुद्धा प्या.”

केंद्राचा मुलगा बुधवारी सकाळी दहाला आला. पंचविशीचा, रेनकोटमधून पाणी गळत असलेला, आणि दारातच बूट काढून “काकू, आंघोळ झाली ना? आता उद्यापर्यंत नाही हं” असे म्हणणारा. बाई हवी असल्यास आधी सांगावे लागते आणि तशी सोय तिथे आहे, हे मला नंतर समजले. फोनवरच विचारून घ्यावे. त्याने चिकटपट्ट्यांच्या जागा स्पिरिटने पुसल्या, खरखरीत कागदाने हलकेच घासल्या, सात पट्ट्या लावल्या, प्रत्येकीवर वायरचे बटण दाबून बसवले आणि प्रत्येक वायरीचा एक छोटा वेढा करून तो चिकटपट्टीने छातीला जखडला, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण वेढ्यावर येतो आणि पट्टी सुटत नाही. हे वेढे त्याने ज्या निगुतीने केले ते पाहून मला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे आमच्याकडचे जुने कामगार आठवले. यंत्राचा डबा काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा, कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा. ज्यांचे नाव या यंत्राला आहे त्या नॉर्मन होल्टर यांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९४० च्या दशकात केलेला पहिला संच पाठीवर वाहावा लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. ते वाचल्यापासून गळ्यातल्या पिशवीबद्दल कुरकुर करायची मला लाज वाटली.

डब्यावर एक बटण होते. काही जाणवले की ते दाबायचे, म्हणजे नोंदीत त्या क्षणी खूण पडते, आणि सोबतच्या कागदावर वेळ आणि लक्षण लिहायचे. हा छापील कागद म्हणजे या सेवेतला सर्वांत दरिद्री भाग. इंग्रजीत, पुसट झेरॉक्स, आणि लिहायला जेमतेम सहा ओळी. मी तो कागद उलटून पालटून पाहत असल्याचे त्या मुलाच्या लक्षात आले असावे. त्याने बॅगेतून एक रेघी कागद काढला, पट्टी न वापरता चार रकाने पाडले, वर ‘वेळ’, ‘काय करत होता’, ‘काय जाणवलं’, ‘काय विचार आला’ असे मराठीत लिहिले आणि तो छापील कागदाला टाचून दिला. “शेवटचा रकाना डॉक्टरांना लागत नाही,” तो म्हणाला, “पण लोक लिहितात. बरं वाटतं त्यांना.” हे त्याला कोणी शिकवले नसणार. संपूर्ण २,८०० रुपयांत मला सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू हा कागद होता, आणि तो त्यांच्या सेवेचा भागच नव्हता.

दिवस साधा गेला. पट्ट्यांखाली खाज सुटते, कुशीवर वळताना डबा बरगडीत रुततो आणि ब्लाउजच्या गळ्यातून वायर डोकावली की लक्ष्मी रस्त्यावर दुकानदार सहानुभूतीने पाहतो. याहून अधिक त्रास नाही. दुपारी मुद्रिते वाचताना तीन खुणा पडल्या. एक खूण स्कूटरवर पडली, अलका टॉकीजच्या चौकात, आणि ती लिहून काढायला मला रस्त्याच्या कडेला थांबावे लागले.

संध्याकाळी मात्र मजा झाली. गणपती जवळ आले की नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि आमचे घर नदीपासून फार लांब नाही. साडेसातच्या सुमारास स्वयंपाकघरात उभी असताना छातीत एका लयीत ठोके पडू लागले, इतके स्पष्ट की मी ओट्याला धरून खाली बसले आणि पाठोपाठ चार वेळा बटण दाबले. तिसऱ्या रकान्यात मी ‘जोरात, ठरावीक अंतराने, पोटापर्यंत’ असे लिहिले आणि चौथ्या रकान्यात ‘आता होणार’ एवढेच दोन शब्द लिहिले. तेवढ्यात पथकाने ताल बदलला. माझ्या छातीतलाही ताल बदलला. मी कागदाकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि दुसऱ्या रकान्यात ‘पोळ्या’ असे लिहिले होते त्याच्यापुढे ‘बाहेर ढोल’ अशी भर घातली.

रात्री २.४० ला जाग आली ती नेहमीसारखीच, डाव्या कुशीवर असताना. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकते आणि ठोके अधिक जाणवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. सकाळी डॉक्टरांच्या ‘रोजचे सगळे करा’ या सूचनेला थोडा फाटा देऊन मी पर्वती चढले. तिथल्या १०३ पायऱ्या मी वर्षभरात एकदाही चढले नव्हते. डबा अंगावर होता म्हणूनच धीर झाला, हे कबूल केले पाहिजे; काही झालेच असते तर निदान त्याची नोंद झाली असती, असा तो विचित्र धीर होता. ६.५० ला शेवटच्या पायरीवर पोचले. काही जाणवले नाही म्हणून बटण दाबले नाही, तरी वेळ लिहून ठेवली.

आता तक्रार. ४८ तासांचा वायदा केलेला अहवाल सहाव्या दिवशी मिळाला, तोही मी तीन वेळा फोन केल्यावर. भीती बाळगणाऱ्या माणसासाठी ‘डॉक्टरांची सही राहिली आहे’ हे वाक्य निरुपद्रवी नसते. सही का राहिली, काही गंभीर दिसले म्हणून तर नव्हे, अशी त्याची फोड होत राहते. त्यावर कळस म्हणजे अहवालावर माझे वय ६४ छापले होते. अंकांची अदलाबदल ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी चूक आणि इतर कोणाला ती हसण्यावारी नेता आली असती. मला वाटले की हा अहवाल दुसऱ्याच कोणा ६४ वर्षांच्या बाईचा आहे, तिचे हृदय चांगले आहे, आणि माझा अहवाल तिच्या घरी गेला आहे. दोन तास मी हे मानून बसले होते. फोनवरच्या बाई “टायपिंग मिस्टेक आहे मॅडम, रिपोर्ट तुमचाच आहे” असे म्हणाल्या, पण तो माझा कसा ते त्यांना सांगता येईना.

ते मला टाचलेल्या कागदाने सांगितले. अहवालात दिवसभरातला सर्वांत वेगवान ठोका मिनिटाला १३८ असा दिला होता आणि त्याची वेळ होती ६.४९. माझ्या कागदावर ६.५० ला पर्वती. सायंकाळच्या चार खुणा एकापाठोपाठ एक पडल्या होत्या, ७.३१ ते ७.३३. दुसऱ्या कोणा बाईने त्याच मिनिटाला चार वेळा बटण दाबले असण्याची शक्यता मीसुद्धा मान्य करू शकले नाही.

अहवालातले मुख्य आकडे असे. २४ तासांत १,०३,४१२ ठोके, सरासरी मिनिटाला ७२, सर्वांत मंद ५१, पहाटे चार वाजता. दोन सेकंदांहून मोठा खंड एकही नाही. खालच्या कप्प्यांतून आलेले जादा ठोके २१२, वरच्या कप्प्यांतून आलेले ४०. मी एकूण १६ खुणा केल्या होत्या. त्यांतल्या पाच खुणांपाशी जादा ठोका खरोखर होता. उरलेल्या अकरा खुणांपाशी हृदय अगदी नीट चालले होते, ढोलाच्या वेळी ९४ च्या गतीने आणि रात्री २.४० ला ७८ च्या. आणि बाकीचे जवळजवळ अडीचशे जादा ठोके माझ्या नकळत, मी मुद्रिते वाचताना, पोळ्या लाटताना, झोपेत, येऊन गेले होते.

या एका हिशेबासमोर मी बराच वेळ बसून होते. मला जे जाणवत होते ते बहुतेक वेळा घडत नव्हते, आणि जे घडत होते ते बहुतेक वेळा जाणवत नव्हते. तरीही पाच वेळा दोन्ही जुळले होते, म्हणजे वर्षभर ज्याला सगळे ‘काही नाही’ म्हणत होते ते अगदीच काही नव्हते असे नाही. त्याला नाव होते. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर ते काढून दाखवले: ठरलेल्या वेळेआधीच एक ठोका पडतो, हृदय तेवढ्यात पुरते भरलेले नसते म्हणून तो ठोका अशक्त असतो आणि कळतही नाही, मग हृदय जरा जास्त थांबते, त्या अवधीत जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. जो ‘चुकला’ असे वाटते तो ठोका खरे तर लवकर आलेला असतो, आणि दार आपटल्यासारखा जो वाटतो तो अगदी नियमित ठोका असतो. असे जादा ठोके निरोगी माणसांच्या होल्टरमध्ये सर्रास सापडतात, आणि माझा इको चांगला असल्यामुळे व आकडा लहान असल्यामुळे त्यांना औषध नको, असे डॉक्टरांचे मत पडले. चहा मात्र तीन कपांवर आणला.

होल्टर काय करत नाही, तेही सांगायला हवे, नाहीतर माझ्यासारखा कोणी त्याला देव मानेल. ज्याची धडधड महिन्यातून एकदा होते त्याची ती नेमकी त्याच २४ तासांत होईल असे नाही. अशांसाठी ७ किंवा १४ दिवस अंगावर राहणारी पट्टी असते, आणि फारच क्वचित होणाऱ्या, विशेषतः शुद्ध हरपण्याच्या, प्रकारांसाठी त्वचेखाली बसवायचे नोंदयंत्रही असते. रक्तवाहिन्यांतले अडथळे शोधणे हे होल्टरचे मुख्य काम नव्हे. त्यासाठी डॉक्टर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट किंवा अन्य तपासण्या ठरवतात. आणि छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, श्रम करताना दम कोंडला किंवा चक्कर येऊन शुद्ध गेली, तर होल्टरची वेळ घेत बसू नये, रकाने भरू नयेत, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न: धास्ती गेली का? पंधरा दिवस गेली. अहवाल मी कपाटात ठेवला, मग उशाशी ठेवला, मग त्यातल्या आलेखाच्या पट्ट्या भिंगातून पाहू लागले. घटस्थापनेच्या रात्री मला खात्री पटली की होल्टर लावला तो बुधवार नेमका चांगला दिवस होता आणि खरा बिघाड शुक्रवारी असतो. मी दुसऱ्या होल्टरसाठी फोन केला, पण डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायचे नाकारले. मला राग आला. आज वाटते की या संपूर्ण सेवेत त्यांचा तो नकारही धरला पाहिजे. त्याऐवजी त्यांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. मला वेडात काढले, असे वाटून मी तो आठवडाभर पर्समध्ये ठेवला होता.

त्या बाईंनी माझे काहीही नाकारले नाही, जादा ठोक्यांसकट. १८७१ मध्ये जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरांनी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिले होते की त्यांच्या छातीत धडधड होते, दुखते, दम लागतो, आणि तपासल्यावर हृदयात बिघाड सापडत नाही. ‘चिडखोर हृदय’ असे त्याला नाव पडले होते. ते ऐकून मला नाही म्हटले तरी हुरूप आला. मग त्यांनी टाचलेला कागद मागितला आणि चौथा रकाना वाचला. ‘आता होणार’, ‘मुलीला कोण सांगेल’, ‘आत्याने हेच सोसले’. “हा रकाना कोणी पाडला?” त्यांनी विचारले. मी सांगितल्यावर म्हणाल्या, “त्याच्यापुढे पाचवा पाडा. दहा मिनिटांनी काय झालं, तेवढंच लिहायचं. ती दहा मिनिटं नाडीला हात लावायचा नाही.”

सहा भेटींत आम्ही मुख्यतः एवढेच केले. नाडी पाहिली की दिलासा मिळतो, दिलासा ओसरला की पुन्हा नाडी पाहावीशी वाटते, आणि प्रत्येक फेरीत मन एवढेच शिकते की पाहिले म्हणून वाचलो. पाहणे लांबवायचे, हा त्यावरचा सराव. पहिल्या दिवशी माझी दहा मिनिटे चारवर संपली होती. पाचव्या रकान्यात पहिल्या महिन्यात ‘अजून आहे’, ‘कमी’, ‘विसरले’, ‘कुकरची शिट्टी’ असे काय काय लिहिलेले आहे. अशी भेट परवडत नसेल किंवा रात्री अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. धक्के मला अजून बसतात, विशेषतः जागरण झाले की. नाडीला हात जातो, कधी वेळेत थांबतो, कधी थांबत नाही.

सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी हो म्हणेन, मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावर, प्रश्न ठरवून, आणि एकदाच. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: अहवाल कोण पाहतो, खुणांच्या वेळची पट्टी अहवालात जोडतात का, आणि उशीर झाला तर कळवतात का. पहिल्या दोन बाबतींत या केंद्राला पैकीच्या पैकी गुण देते, तिसऱ्या बाबतीत शून्य. रेघी कागद घरचाच घेऊन ठेवावा.

चुकीच्या वयाबद्दल मी लेखी कळवले होते, त्यावर दिवाळीनंतर दुरुस्त अहवाल आला. वय ४६ झाले आहे. या वेळी आडनावात एक अक्षर जादा पडले आहे. ते मी पहिल्याच नजरेत पाहिले, आणि कळवलेले नाही.